ओखा : आपल्या महाराजांचं बंदर

द्वारकेबद्दल मी काही लिहिणार नाही. मंदिर सुंदर, गर्दी असह्य, हॉटेलातला चहा पांचट. आमचा बेत खरं तर तेवढाच होता. पण बडोद्याहून निघतानाच भाऊकाकांनी बजावलं होतं, "ओखा बघितल्याशिवाय मी परतणार नाही. आपल्या महाराजांचं बंदर आहे ते."

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात 'आपले महाराज' म्हणजे फक्त सयाजीराव तिसरे. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा हा भाग, तेव्हा बडोदा राज्यातलाच, पण राजधानीपासून पार दुसऱ्या टोकाला. तिथे १९२६ साली बंदर झालं. काका ते अशा थाटात सांगतात, जणू धक्क्याचा पहिला दगड त्यांनीच ठेवला.

वाटेत मिठापूरचे मिठाचे पांढरे ढीग दिसले आणि मग बंदराचं फाटक आलं. पास नव्हता. काकांनी त्यांच्या मराठी वळणाच्या गुजरातीत पहारेकऱ्याला सांगितलं, "आम्ही बडोद्याचे." तो नम्रपणे म्हणाला, "तो शुं?" म्हणजे, मग काय?

त्याला काय बोलणार? २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झालेत, त्यात इथून पाकिस्तानची सागरी हद्द जवळ. नियम मला पटतात. पण गावाच्या उशाशी बंदर, आणि गावातल्या पोरांना जहाज दिसणार ते भिंतीवरून, हे काही पटत नाही.

मग समोरच्या बेट द्वारकेच्या बोटी सुटतात त्या धक्क्यावर गेलो. सुकटीचा वास, डिझेलचा वास, आणि टपरीवर अखेर चांगला चहा. शेजारी बसलेला म्हातारा खलाशी इथल्याच वाघेर समाजातला होता. म्हणाला, पूर्वी बेट द्वारकेला जाणारा प्रत्येक जण इथे यायचा, बोटीची वाट बघायचा, चार गोष्टी विचारायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाला. सव्वादोन किलोमीटरच्या पुलावरून गाड्या सरळ बेटावर जातात, इकडे कोण थांबतंय? पुलाचा त्याला राग नव्हता. रात्री-अपरात्री आजारी माणूस नेता येतो, हेही त्यानंच सांगितलं.

काकांनी संधी साधून १९२६ काढलं. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. आजोबा याच बंदरात गोणी वाहायचे, म्हणाला. "पण आमच्या घरात गोष्टी सांगतात त्या जोधा माणेकच्या." १८५८-५९ मध्ये या जोधाच्या पुढारीपणाखाली वाघेर उठले ते बडोद्याचं गायकवाड सरकार आणि इंग्रज, दोघांच्याही विरुद्ध. द्वारका आणि बेट काही काळ त्यांच्या ताब्यात होतं. शाळेत आम्हाला यातलं अवाक्षर शिकवलं नव्हतं. काका बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. मग त्यांनी त्याला सुपारी दिली आणि मूळू माणेक कोण ते विचारलं. टॅक्सीत खोळंबलेल्या आईंनी दोनदा हॉर्न वाजवायला लावला, तरी दोघं हलेनात.

बेट आम्ही पुलावरूनच गाठलं. दर्शन झालं.

माझा भाचा रॉटरडॅमला असतो. तिथे सप्टेंबरात बंदराचा उत्सव भरतो, लोक पोराबाळांना घेऊन जहाजांवर चढतात. ओख्याला तेवढं नको. वर्षातून एखादा रविवार ओळखपत्र बघून फाटक उघडावं, आधी ओख्याच्या पोरांसाठी, मग आमच्यासारख्यांसाठी. आणि माहिती सांगायला त्या खलाशालाच उभं करावं. काकांना नको, ते १९२६ च्या मागे जातच नाहीत.