गेअर किती, हे शेवटी विचार

दर्यापूरकडच्या आमच्या गावाहून भाचीचा फोन आला. "मामा, तुह्या तिकडं तर सारेच सायकलवर फिरतेत न? मंग सांग, मी कोणती घेऊ?" तिच्या मनात भरलीये एकवीस गेअरची, पुढे शॉकअप अन् दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. जायचंय कुठे, तर शाळेत. अर्धा रस्ता डांबरी, अर्धी पांदण.

मी राहतो त्या नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. युट्रेख्ट स्टेशनखालच्या स्टँडवरच १२,५०० मावतात. माजी पंतप्रधान मार्क रुटेसुद्धा सायकलनं ऑफिसला जायचे. पण या गर्दीत शॉकअपवाली शोधावी लागते. बहुतेक सायकली आपल्या आबाजींच्या काळ्या सायकलीच्या वळणाच्या: पाठ सरळ ठेवून बसायचं, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनवर कव्हर. गेअर असलेच तर बऱ्याचदा तीन, तेही मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत. सपाट मुलखात समोरचा वारा सोडला तर गेअर हवेत कशाला? आणि दर्यापूरचा भाग काय कमी सपाट आहे?

तरी इथली सायकल उचलून तिकडे नेली तर पहिल्याच पावसात अडेल. आपली काळी माती टायरला धरते, मडगार्डमध्ये गच्च बसते, मग सायकल खांद्यावर घ्यायची पाळी. म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं तरी जातात का, हे आधी पाहायचं. चेनला अर्धं कव्हर पुरे. पूर्ण कव्हर असलं की उतरलेली चेन चढवताना जीव जातो. हबमधले गेअर तर गावचा मिस्त्री खोलणारच नाही. स्वस्तातला शॉकअप म्हणजे नुसतं वजन. त्यापेक्षा जरा रुंद टायर घ्यावा, हवा किंचित कमी ठेवावी, खड्डे सुसह्य होतात. बाभळीच्या काट्यापुढे मात्र कोणाचं चालत नाही, तेव्हा गावात पंक्चरवाल्याकडे ज्या मापाची ट्यूब मिळते, त्याच मापाचं चाक घ्यायचं.

आता खरा मुद्दा मापाचा. आपल्याकडे सायकलही कपड्यांसारखी वाढत्या अंगाची घेतात, आणि पोरगी दोन वर्षं कैची मारत फिरते. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेव. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की तो किंचित वाकतो, तीच उंची बरोबर. मधला दांडा असेल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहा. दांडा अंगाला लागता कामा नये. दुकानदार म्हणेल, "सीट खाली करून देतो," पण फ्रेमच मोठी असेल तर त्यानं काही होत नाही. हँडल लांबच राहतं.

दुकानात जाताना भरलेलं दप्तर घेऊन जा, कॅरिअरला बांध आणि एक चक्कर मार. हँडल डगमगलं तर दुसरी दाखवायला सांग. कुलूप, पंप आणि मागच्या लाल रिफ्लेक्टरचे पैसे त्याच हिशोबात धर.

एकवीस गेअरवरून ती आता सातवर आलीये. डिस्क ब्रेकची बोलणी तिच्या आईशी चालू आहेत. रंग तिनं आधीच ठरवलाय, त्यात मी पडत नाही.