तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांचं फेसबुक बंद का नाही करत?

लग्नात, हळदीकुंकवाला, परवा तर सोसायटीच्या लिफ्टमध्येसुद्धा. "अजून आहे का गं बाबांचं फेसबुक?" विचारणाऱ्याची नजर अशी, की हिला अजून सावरता आलेलं नाही. एकदाच सांगते.

नौपाड्यात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात. त्यात गेलेल्यापेक्षा शोकाकुल मंडळींचेच चेहरे जास्त. पेपरात पुण्यस्मरणाच्या चौकटी दरवर्षी पैसे भरून छापतात. त्यांना कुणी विचारतं, बंद कधी करणार म्हणून? मग मलाच का?

खरं तर बंद करायला मीच निघाले होते. गेलेल्या माणसाला पडद्यावर कशाला ताटकळत ठेवायचं, असंच म्हणायचे मी. आणि मग व्हॉट्सअ‍ॅपचं झालं.

बाबांचा फोन कपाटात पडून होता. १२० दिवस न वापरलेलं खातं व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं, हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एका दुपारी आई मेथी निवडत होती आणि घरच्या ग्रुपवर ओळ आली: बाबांचं नाव, पुढे 'लेफ्ट'. तिने चष्मा लावून वाचलं, फोन माझ्यापुढे धरला. "गेले म्हणतंय. आता परत कुठे गेले?" मी तिला समजावतेय तोवर आत्याचा मेसेज: "भाऊला कुणी काढलं?" काका म्हणाले, मी नाही. दुसरे काका म्हणाले, अ‍ॅडमिन तूच आहेस. चांगलीच जुंपली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळ्यांनी एकामागून एक हात जोडले. तेराव्यापर्यंत खंबीर राहिलेली आई कुकर गॅसवर तसाच सोडून आत जाऊन पडली. शिट्ट्या मी मोजल्या.

त्यानंतर मी फेसबुकला महापालिकेचा मृत्यूचा दाखला पाठवला आणि खातं स्मृतिखातं करून घेतलं. नावापाशी 'रिमेम्बरिंग' येतं. वाढदिवसाची सूचना कुणाला जात नाही, नाहीतर "पार्टी कधी?" विचारणारे महाभाग आहेतच. पण एकदा हे झालं की पासवर्ड असला तरी आत जाता येत नाही. बाबांचा पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर होता. अर्जाआधी मी त्यांचे मेसेज वाचले का, हे मात्र विचारू नका.

मागे खातं सांभाळायला माणूस नेमून ठेवायची सोय फेसबुकने २०१५ साली आणली. बाबांनी कुणाला नेमलं नव्हतं. त्यामुळे प्रोफाइलचा फोटो आता बदलता येत नाही. कुणाच्या तरी मुंजीतला, शेजारच्याचं कोपर आलेला.

आणि आत आहे तरी काय? रोज सकाळचा मासुंदा तलाव, तेच रेलिंग, 'सुप्रभात'. रटाळच आहेत ते फोटो, आजही. मी वाचते ते खालचं. "आज दिसला नाहीत?" "गुडघा." "तेल लावा." "लावलं."

दादाला खातं काढूनच टाकायचंय. जवळच्या नातेवाइकाला तशी विनंती करता येते. "कंपनीच्या दारात बाबांना बसवून ठेवलंयस, वर जाहिराती," असं तो म्हणतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हटलंय, अर्ज खुशाल कर, पण आधी सगळे फोटो, खालच्या कमेंटसकट, उतरवून घे. तेव्हापासून त्याला वेळ मिळत नाहीये.