दोनशे मीटरचा चढ

चारही चाकं फिरत होती आणि गाडी पुढे जात नव्हती. उलट इंचाइंचाने मागे आणि डाव्या अंगाला सरकत होती, आणि डाव्या अंगाला दीड पुरुष खोल ओढा होता. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेक दाबला, तरी गाडी आणखी वीतभर घसरली आणि मग थांबली. खिडकीतून मान बाहेर काढून पुढचं चाक पाहिलं. टायरवर नक्षी अशी उरलीच नव्हती. लिंपलेल्या कणगीसारखं गुळगुळीत, तांबडं चाक.

तीन दिवसांच्या जंगलवाटेचा तो दुसरा दिवस. पहिल्या दिवशी खडी, पाऊस, दोन ओढे आणि मुक्काम. तिसऱ्या दिवसातलं मला फारसं आठवतही नाही. पण या दोनशे मीटरच्या चढाने माझे पावणेतीन तास घेतले आणि पुढचं वर्षभर डोक्यात तोच चढ राहिला.

गाडीला तेव्हा ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर होते. चांगले होते, अर्धेही झिजले नव्हते. खडीवर, खडकावर, वाळूत त्यांनी मला कधी दगा दिला नव्हता, म्हणून चिखलातही देणार नाहीत असं मी गृहीत धरलं. इथे माझं चुकलं. मी सगळ्या चिखलाला एकच समजत होतो. रेतीमिश्रित चिखल चाक फिरलं की आपोआप गळून पडतो. पातळ राड दिसते भयंकर, पण खाली कडक तळ असेल तर गाडी ती कापत जाते. चिकणमाती मात्र टायरच्या खाचांत शिरते आणि तिथेच बसते. एटी टायरच्या खाचा अरुंद असतात, कारण त्याला डांबरी रस्त्यावरही शांतपणे पळायचं असतं. त्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि मग टायरवर नक्षी असली काय, नसली काय, सारखंच. जमिनीला रबर टेकतच नाही, मातीवर माती घासत राहते.

मागून एक जुनी गाडी आली. रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच नाही, वर दिव्यांची रांग नाही. चालवणारे साठीच्या पुढचे असावेत. खाली उतरून त्यांनी आधी हातात काठी घेतली आणि गमबुटांनी तो अख्खा चढ चालून पाहिला, दर पाच-दहा पावलांवर काठी खुपसत. मग परत येऊन चारही टायरची हवा सोडली. मी त्यांच्या टायरकडे पाहतच राहिलो. ठोकळे माझ्या टायरपेक्षा दुप्पट मोठे, दोन ठोकळ्यांच्या मध्ये दोन बोटं सहज जातील एवढ्या खाचा, पण रुंदीला टायर माझ्याहून अरुंद.

"काका, एवढ्या बारीक टायरवर तुम्ही चढणार?"

"बारीक आहेत म्हणून तर चढतील. काठी खुपसून बघ. वीतभर राड, खाली मुरूम. तुझा रुंद टायर वरच तरंगतोय. हा चिरत खाली जातो आणि मुरूम धरतो."

"म्हणजे रुंद टायर घ्यायचाच नाही?"

"तसं नाही रे. जिथे काठी बुडून जाते पण तळ लागत नाही, तिथे हा माझा टायर मला धुऱ्यापर्यंत रुतवेल. तिथे तरंगणारा हवा. तू कुठल्या चिखलात जाणार आहेस, ते आधी ठरव."

लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीची गिअरची जोडणी, दुसरा गिअर, आणि ते निघाले. वेग फार नव्हता, पण चाकं एका लयीत फिरत होती आणि प्रत्येक फेरीला मातीची ढेपळं मागे उडत होती. ढेपूळ उडालं की खाच मोकळी, मोकळी खाच परत खाली गेली की परत पकड. टायर स्वतःला साफ कसा करतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा धड डोळ्यांनी पाहिलं.

वरून त्यांनी पट्टा टाकला. आमच्यातल्या एकाने तो माझ्या गाडीच्या टोबॉलला अडकवायला घेतला, तेव्हा काका ज्या आवाजात ओरडले तो अजून कानात आहे. पट्टा नेहमी चॅसीला बोल्ट केलेल्या हुकाला, तोही त्या वजनासाठी बनवलेल्या शॅकलने, म्हणजे लोखंडी कडीने, लावायचा. टोबॉल ट्रेलर ओढायला असतो. रुतलेली गाडी हिसक्याने ओढताना तो तुटला, तर लोखंडी गोळा ताणलेल्या पट्ट्याबरोबर गोफणीतल्या दगडासारखा सुटतो, आणि अशाने माणसं मेली आहेत. वर्षानुवर्षं जंगलवाटांवर गाड्या घालणाऱ्यांना हे माहीत नसावं, याचा मला आजही राग येतो. त्यात मीही होतो.

परत आल्यावर मी चिखलाचे, म्हणजे मड-टेरेन टायर शोधू लागलो आणि पहिल्याच आठवड्यात चुकीच्या दिशेला निघालो. मनातून मला रुंद टायर हवे होते. गाडी रांगडी दिसते, हे खरं कारण, आणि ते मी स्वतःपाशीही कबूल करत नव्हतो. चिखलाने माखलेल्या कॅमल ट्रॉफीच्या गाड्यांची चित्रं बघत मी मोठा झालो. १९८० साली ही मोहीम ॲमेझॉनच्या जंगलातल्या रस्त्यावर सुरू झाली आणि दुसऱ्या वर्षापासून तिच्यात लँड रोव्हरच्या गाड्या आल्या. काकांच्या बोलण्यानंतर मी तीच चित्रं पुन्हा काढली. गाड्यांचे टायर उंच होते आणि आजच्या मानाने चांगलेच अरुंद. इतकी वर्षं मी फक्त चिखल पाहत होतो.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या गाडीचे मूळ टायर २४५/७० आर १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. म्हणजे बाजूची उंची १७१.५ मिलिमीटर, ती दोनदा धरून त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. समोर दोन पर्याय होते. २६५/७५ आर १६ चा व्यास सुमारे ८०४, आणि २३५/८५ आर १६ चा सुमारे ८०६. उंची जवळजवळ सारखीच, पण दुसरा ३० मिलिमीटरने अरुंद. आमच्याकडच्या वाटांवर राडीखाली बहुतेक ठिकाणी तळ लागतो, म्हणून मी दुसरा घेतला. मनाला पटायला मात्र महिना गेला.

उंच टायरची किंमतही मोजावी लागते. व्यास ५७ मिलिमीटरने वाढला तरी धुरा त्याच्या निम्माच, म्हणजे २८ मिलिमीटर वर जातो. एवढ्यासाठी स्पीडोमीटर साडेसात टक्क्यांनी खोटं बोलू लागतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ च्या पुढे असते. प्रत्येक गिअर लांबल्यासारखा वाटतो, चढावर इंजिन कुरकुरतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, तिथे कापाकापी करावी लागली. आणि टायर चार नाही, पाच घ्यायचे. हे मी ठासून सांगतो, कारण जुना स्टेपनी तसाच ठेवायचा मोह मलाही झाला होता. एक चाक सात टक्क्यांनी लहान असताना फोर व्हील ड्राइव्ह लावून कडक रस्त्यावर गाडी चालवली, तर चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि तो सगळा ताण चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियलवर येतो.

खरेदीच्या वेळी टायर आतून-बाहेरून वाचून काढला. भार दाखवणारा आकडा आधी पाहिला. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, आणि मूळ टायरच्या आकड्यापेक्षा कमी घ्यायचा नाही. त्यापुढचं अक्षर वेगमर्यादेचं. मड-टेरेनवर बहुधा क्यू असतं, म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आणि या टायरवर तेवढं पळवायची इच्छा कुणाला होऊ नये. बाजूच्या चार आकड्यांतले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मला आधी दाखवलेल्या पाचांतले दोन टायर चार वर्षांपूर्वीचे निघाले. नक्षी कोरी करकरीत होती, पण रबर पडून राहूनही म्हातारं होतं. मी ते नाकारले, तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर मी उगाच किरकिर करतोय असा भाव होता. करू दे. बाजूला तीन थर असलेले टायर घेतले, कारण खाचेतल्या दगडाने किंवा खुंटाने कूस फाटली तर ती पंक्चरसारखी काढता येत नाही, टायर जातोच.

पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेला गेलो. जातानाचे चार तास त्रासाचे होते. ताशी ६० च्या पुढे टायर घुमायला लागतात आणि ८० ला शेजारच्याशी आवाज चढवून बोलावं लागतं. "सवय होते" असं जे सांगतात त्यांना झाली असेल, मला नाही झाली. मोठमोठे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटत असतात, आवाज होणारच.

चढापाशी पोचलो, उतरलो, काठीने तळ पाहिला, गाडीत बसलो आणि अर्ध्यावर अडकलो. नवे टायर, एवढा अभ्यास, आणि तीच जागा. खाली उतरून पाहिलं तर खाचा भरलेल्या. मला रडू यायचं बाकी होतं. मग लक्षात आलं की काकांनी केलेल्या दोन गोष्टी मी केल्या नव्हत्या. हवा रस्त्याचीच होती, ३६ पीएसआय. आणि घाबरून पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने चढत होतो. खाच कितीही रुंद असो, माती उडवायला चाकाला वेग लागतोच.

अलगद मागे उतरलो. हवा २० वर आणली. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, जमिनीवर एकाच वेळी जास्त ठोकळे टेकतात आणि ठोकळे थोडे हलत राहिल्याने मातीही सुटते. याहून खाली जायचं धाडस केलं नाही, टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. लो रेंज, दुसरा गिअर, पाय एका जागी. सुरुवातीला काही झालं नाही, मग ढेपळं उडू लागली. चाकांच्या कमानींत धडाधड आवाज, बॉनेटवर, काचेवर माती. जिथे गाडी डावीकडे घसरली होती तिथे आता चाकोरी खोल झाली होती. टायरच्या खांद्यावरच्या ठोकळ्यांनी चाकोरीची भिंत धरल्याचं मला स्टिअरिंगमधून हाताला कळलं. गाडी ओढ्याकडे गेली नाही. मिनिटभरात वर.

इंजिन बंद करून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. काका तिथे असायला हवे होते असं फार वाटलं. त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

उरलेला दीड दिवस छान गेला. खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा भरायला थांबलो नाही. पाऊस जोरात होता, अंधार पडत होता, पुढे भरू म्हटलं. वेग ७० झाला तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं, ते रिमच्या आत सुकत चाललेल्या मातीमुळे. चाकाचा तोल गेला होता. तिकडेही दुर्लक्ष केलं. आणि एका वळणानंतर रस्त्यावर आडवी फांदी. ब्रेक दाबला. ब्रेक लागताना चाकं अडकू न देणारं एबीएस पायाखाली खडखडत राहिलं आणि गाडी जात राहिली. जिथे एटी टायरवर नक्की थांबलो असतो ती जागा मागे पडलेली मला दिसली. फांदीपासून दोन हातांवर गाडी उभी राहिली.

मड-टेरेन टायरच्या रुंद खाचांमुळे डांबरावर टेकणारं रबर कमी असतं, आणि ओला रस्ता धरणाऱ्या केसासारख्या बारीक चिराही ठोकळ्यांवर कमी असतात. हे मी वाचलेलं होतं. या टायरचं कौतुक करणारे सगळे चिखलातली चित्रं दाखवतात, ओल्या डांबरावरचा ब्रेक कुणी दाखवत नाही, आणि मीही टायर निवडताना तो विचार शेवटच्या ओळीत ढकलला होता. त्या सफरीत माझी गाडी ६४० किलोमीटर चालली. त्यातला खरा चिखल मोजला तर नऊ किलोमीटर भरतो.

फांदी बाजूला केली. कंप्रेसर काढला आणि भर पावसात एकेका टायरमध्ये २० पासून ३६ पर्यंत हवा भरली. गेजवर टॉर्च धरायला कुणी नव्हतं, दातांत धरली. मग काठीने चारही रिममधली माती खरवडून काढली. निघालो ते ५० च्या वेगाने. पुढच्या गाडीपासून आधी ठेवायचो त्याच्या दुप्पट अंतर ठेवून. खाचांत उरलेली त्या चढाची माती बराच वेळ कमानींत टकटक आपटत राहिली, मग तीही संपली आणि टायरचं घुमणं तेवढं राहिलं.