तुती : अर्धं झाड आता, अर्धं तीन आठवड्यांनी

परसातल्या तुतीची यंदाची नोंद. झाड काळ्या फळाचं, कांडीवरून वाढवलेलं, आता डोक्याच्या वर गेलंय.

दर वर्षीची तक्रार एकच: फळं येतात तेव्हा एकदम येतात. आठ-दहा दिवस वाटीभर, मग खाली सडा, मग काही नाही. तुती नव्या फुटव्यावर फळते आणि फुटवे आपण पानं उतरवली की येतात, म्हणजे तारीख बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. म्हणून यंदा जानेवारीच्या सुरुवातीला फक्त पूर्वेकडच्या फांद्या घेतल्या. शेंडे साधारण तिसरा हिस्सा छाटले, उरलेल्या काड्यांवरची पानं झाडून सगळी काढली, बुडाशी शेणखत आणि भरपूर पाणी. पश्चिमेची बाजू तशीच ठेवली, तिला तीन आठवड्यांनी हात लावला.

रेशीमवाले करतात तशी जमिनीलगत तळछाटणी मात्र फळासाठी नको. त्यांना पाला हवा असतो. तशा छाटणीनंतर फोक जोमात येतात, पानं तळहातापेक्षा मोठी होतात आणि फळ नावाला. फळ हवं तर मागच्या हंगामाची पिकलेली काडी झाडावर राहायला हवी. तिच्या डोळ्यांतून पान आणि कळीचा तुरा जोडीनेच बाहेर पडतो.

पूर्वेच्या बाजूला फेब्रुवारीअखेर पहिली काळी फळं. ती संपत आली तोवर दुसरी बाजू लाल झाली होती. एकूण फळ वाढलं असं नाही म्हणणार, पण रोज सकाळी मूठभर, असं मार्च संपेपर्यंत चाललं. मला तरी हेच जास्त आवडलं. लाल फळ घाईने तोडू नका, तोडल्यावर ते गोड होत नाही. बोट लागताच सुटेल तेच घ्यायचं. आणि त्याच दिवशी खायचं, फ्रीजमध्येही दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

त्रास म्हणाल तर पिठ्या ढेकूण. शेंडा गोळा झालेला, पानं सुरकुतून गडद हिरवी दिसली की समजायचं. रेशीमवाले याला तुकरा म्हणतात. असे शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले आणि खोडावरची मुंग्यांची वाट तोडली, कारण मुंग्याच या किडीला राखतात. निंबोळी अर्क फळं धरण्याआधी एकदा मारला, नंतर नाही. बुलबुल आणि तांबट वरचं फळ खातात. जाळीत पक्षी अडकतात, म्हणून जाळी लावत नाही. शेंडे त्यांचे, हाताला येतं ते आमचं. आईला फरशीवरचे जांभळे डाग खटकतात, तिच्यासाठी झाडाखाली जुनी साडी अंथरतो.

नवीन लावणाऱ्यांसाठी: ज्याचं फळ स्वतः चाखलंय त्याच झाडाची कांडी घ्या. व्ही-१ ची कांडी सहज मिळते, पण ती जात पाल्यासाठी काढलेली आहे. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी, दोन डोळे मातीत, सावलीत. लांब फळाची, नर्सरीत पाकिस्तानी म्हणून विकतात ती, अशी सहज मुळं धरत नाही. तिचं कलमच घ्यावं.

जूनमध्ये पूर्वेची बाजू पुन्हा घेणार आहे. पावसातलं फळ पाणचट होतं हे ठाऊक आहे. मुरंब्याला चालेल.