शब्दकोडे क्रमांक 14: चार अक्षरी नद्या आणि दोन राज्यांचे पक्षी

आजची स्थिती: चौकट 11 × 11, म्हणजे 121 घरे. त्यात 37 काळी, 84 पांढरी. शब्द 36, आडवे 18 आणि उभे 18. भरण (घरांत शब्द बसवणे) पूर्ण. चाचणीनंतर 7 सूत्रे (शब्द ओळखायला दिलेले इशारे) परत लिहायला घेतली होती, त्यातली 5 झाली, 2 अडली आहेत. कोडे सामान्यज्ञानाचे, दिवाळी अंकासाठी, वाचक बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचे, म्हणजे महाराष्ट्रातले चंदगड, गडहिंग्लज. हा "पलीकडचे" शब्दच या वेळच्या निम्म्या दुरुस्त्यांचे कारण आहे.

चौकट

37 काळी घरे बघून कोणी नाक मुरडेल. इंग्रजीच्या मापाने ती जास्तच आहेत. पण इंग्रजीत घरात 26 पैकी एक अक्षर बसते. आपल्याकडे नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास शक्यता होतात, जोडाक्षरे वेगळीच. दोन शब्द एका घरात भेटायचे तर व्यंजन, मात्रा, अनुस्वार सगळे जुळावे लागते. "का" आणि "कां" एका घरात नांदत नाहीत. म्हणून तीस टक्के काळे सोडले की भरण सुटते, पंचवीसवर हट्ट धरला की शब्दकोशातली धूळ खाल्लेली विशेषणे आत शिरतात.

84 पैकी 46 घरे सामाईक (आडव्यात आणि उभ्यातही येणारी), 38 एकटी. नियम एवढाच पाळला: चार किंवा जास्त अक्षरांच्या शब्दाला किमान दोन सामाईक घरे, आणि चौकट उलटी धरली तरी काळी घरे जागच्या जागी.

ण आणि ळ यांच्यापासून मराठी शब्द सुरू होत नाही. म्हणजे "बेळगाव" पहिल्या ओळीत टाकला तर ळ खाली उभा शब्द निघूच शकत नाही, ते घर एकटे ठेवून खाली काळे घर देणे भाग. हे भरण अर्धे झाल्यावर लक्षात आले की सममितीमुळे समोरच्या कोपऱ्यातही एक घर काळे होते आणि तिथला शब्द तुटतो. ण, ळ असलेले शब्द आधी पेन्सिलीने मधल्या ओळींत टाका, मग बाकीचे.

डावा वरचा कोपरा असा बसला:

घ | ट | प्र | भा
सा | ■ | ■ | त
रा | य | ण्णा | ■

आडवे घटप्रभा आणि रायण्णा, उभे घसारा आणि भात. भातच्या त पासून उजवीकडे तरस निघतो. आधीच्या आराखड्यात ण्णा हे घर सामाईक होते. तिथे "अण्णा" सोडून काही बसेना, आणि अण्णा दुसऱ्या कोपऱ्यात आधीच येऊन बसलेले. मग ण्णाच्या वर आणि खाली काळे घर देऊन त्याला एकटे केले. रायण्णाचे सूत्र: "कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा सेनानी, 1831 मध्ये नंदगडला फाशी (3)". संगोळ्ळी हे गावाचे नाव सूत्रात घातले तर फारच सोपे होते.

याच कोपऱ्यात एक चूक छपाईला जाता जाता सापडली. घसाराचे पहिले सूत्र होते "यंत्राच्या किमतीत दरवर्षी धरली जाणारी घट". आणि त्याच घ पासून आडवे घटप्रभा! उत्तराचा तुकडा शेजारच्या सूत्रात फुकट वाटला जात होता. आता: "जुन्या यंत्राची किंमत ताळेबंदात कमी दाखवतात ती रक्कम".

जोडाक्षरांचे जोडीदार

सीमाभागातली नावे घेतली की जोडाक्षरे येणारच. चेन्नम्मा, यल्लम्मा, हुक्केरी, सौंदत्ती. त्यांना कानडी नावांनीच छेद द्यायचा म्हटले तर विशेषनामाला विशेषनाम छेदते, आणि दोन्ही न येणाऱ्याचा त्या घराशी संबंधच संपतो. हे टाळायला साधे मराठी जोडीदार शोधून ठेवले. म्मासाठी निम्मा आणि झिम्मा. त्तीसाठी हत्ती, बत्ती, आणि आपल्याकडचे वाचक असतील तर बुत्ती (दहीभात). न्नसाठी अन्न, खिन्न, प्रसन्न. ष्णासाठी कृष्णाला तृष्णा. ट्टसाठी घट्ट. क्केसाठी "पक्के" मिळतो, पण तो विशेषण म्हणून नपुंसकलिंगी, सूत्रही तसेच नपुंसकलिंगी लिहावे लागते. सूत्र आणि उत्तर यांचे लिंग, वचन एक नसेल तर सोडवणारा बरोबर शब्द मनात येऊनही खोडतो.

नद्या

"बेळगाव जिल्ह्यातून वाहणारी नदी (4)". असे सूत्र लिहिणाऱ्याने आधी बोटे मोजावीत. घटप्रभा चार, मलप्रभा चार, मार्कंडेय चार (मा-र्कं-डे-य), दूधगंगा चार, वेदगंगा चार. पाच उत्तरे! त्यातही पहिल्या दोघींची शेवटची दोन घरे एक, शेवटच्या दोघींचीही एक. म्हणजे सामाईक घरे तिसरे-चौथे असतील तर ती सुटूनही हाती काहीच लागत नाही. या नद्यांना छेद पहिल्या किंवा दुसऱ्या घरातच द्यायचा. दूधगंगा-वेदगंगात दुसऱ्या घरी ध आणि द असा फरक आहे, घाईत लिहिलेल्या अक्षरात तो दिसत नाही, म्हणून तिथे पहिलेच घर.

सूत्रही स्वतःच्या पायावर उभे हवे. घटप्रभेला "गोकाकचा धबधबा हिचा, हिडकलला धरण". मलप्रभेला "कणकुंबीत उगम, नविलुतीर्थाला धरण, शेवटी कृष्णेला मिळते". वेदगंगेला पाटगाव धरण, दूधगंगेला काळम्मावाडी. मार्कंडेयला "ऋषीच्या नावाची, घटप्रभेला मिळणारी". हिरण्यकेशी मात्र पाच घरांची (हि-र-ण्य-के-शी), तिच्यासाठी "आंबोलीहून संकेश्वरकडे" एवढे पुरते.

या कोड्यात घटप्रभा आणि वेदगंगा दोन्ही आहेत. तिसरी नदी घालू नका, भूगोलाचा पेपर होतो. 36 सूत्रांत भूगोल आणि विज्ञान सात-सात, इतिहास पाच, खाद्यपदार्थ दोन (गोकाकचे करदंट आणि आपला कुंदा), बाकी संगीत, साहित्य, पुराण, खेळ, भाषा प्रत्येकी तीन.

वर्तनी

सौंदत्ती तीन घरे, सवदत्ती चार. दोन्ही रूढ. असा शब्द टाळलेला बरा, किंवा सूत्रातच रूप पक्के करावे. बेळगाव आणि बेळगावी दोन्ही चार घरांचे, फरक फक्त शेवटच्या घरात, व की वी. अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदलले. सूत्रात वर्ष असेल तर उत्तर त्या वर्षाचे हवे: "1924 च्या काँग्रेस अधिवेशनाचे शहर" म्हटले की बेळगाव, आणि शेवटचे घर सामाईक ठेवायचेच. (त्याच अधिवेशनाचे "गांधी (2)" हे सूत्र फार वापरून झाले आहे. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव अधिवेशन, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगते.)

बेळगांव, गांव, नांव असे अनुस्वार जुन्या छापील साहित्यात सर्रास दिसतात. संदर्भ जुना असेल तर अनुस्वार घरात घेऊन येतो आणि छेद देणारा शब्द जुळत नाही. भरणाआधी सगळी यादी एकाच वर्तनीत आणा.

एकच सूत्र, दोन राज्ये

चाचणीला चार जण होते, दोन बेळगाव शहरातले, दोन चंदगडकडचे. सूत्र होते "राज्यपक्षी (4)". शहरातल्या एकाने नीलपंख लिहिले, चंदगडच्या दोघांनी हरियाल. दोघेही बरोबर, कारण कर्नाटकाचा नीलपंख आणि महाराष्ट्राचा हरियाल, दोन्ही चारच घरांचे. चौथ्याने नीलकंठ लिहिले, तेही चार घरांचे, आणि पहिली दोन घरे नीलपंखचीच. आता सूत्रात राज्याचे नाव आहे आणि सामाईक घर पहिल्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे पं वर नेले. तो "पंचक"मधून येतो.

राज्यवृक्षात असा घोळ होत नाही (चंदन तीन, आंबा दोन), पण घरांच्या संख्येवर विसंबू नये. राज्यस्थापनेचा दिवस, पहिला मुख्यमंत्री, सर्वांत उंच शिखर: राज्याचे नाव न घालता असे काहीही विचारायचे नाही. शिखर म्हटले की कळसूबाई लिहिणारे आणि मुळ्ळय्यनगिरी लिहिणारे एकाच गल्लीत राहतात.

पुराणातही हेच. "कर्णाची आई (2)" ला कुंती आणि राधा दोन्ही चालतात. वाढवणारी की जन्म देणारी, ते सूत्रात आले पाहिजे.

शिळी होणारी माहिती

"सर्वाधिक उपग्रह असलेला ग्रह (2)". गुरू आणि शनी, दोन्ही दोन घरांचे, आणि क्रमांक पालटतो. फेब्रुवारी 2023 मध्ये 92 उपग्रहांसह गुरू पुढे गेला, मे महिन्यात शनी परत वर आला, मार्च 2025 मध्ये त्याचा आकडा 274 झाला. तीन महिन्यांत चुकलेले उत्तर दिवाळी अंकात छापून ते वर्षभर लोकांच्या घरात ठेवण्यापेक्षा "टायटन हा ज्याचा सर्वांत मोठा उपग्रह" बरे.

"सामान्य तापमानाला द्रव असलेला एकमेव धातू" हे पाऱ्याचे सूत्र सगळीकडे छापतात. गॅलियम 29.76 अंशाला वितळतो. एप्रिलात दुपारी आपल्या खोलीत तोही द्रवच. "एकमेव" काढले आणि "तापमापीत वापरला जाणारा" घातले. एकमेव, पहिला, सर्वांत मोठा हे तीन शब्द सूत्रात दिसले की दोनदा तपासा.

"फक्त कोल्हापुरात होणारी" अशा छापाची वाक्येही काढा. कोल्हापुरी चपलेचे 2019 चे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव आहे. "या चपलांसाठी प्रसिद्ध असलेला बेळगाव जिल्ह्यातला तालुका (3)" म्हणून अथणी छान बसला.

संगणकावर मोजणी

स्प्रेडशीटमध्ये अक्षरे मोजायला लेन (LEN) ही आज्ञा वापरू नका. "स्वातंत्र्य" ला ती 11 म्हणते, घरे मात्र तीन (स्वा-तं-त्र्य). ती स, हलन्त, व, काना असे एकेक चिन्ह मोजते. काही प्रणाली जोडाक्षर फोडून "स्" आणि "वा" अशी दोन घरे करतात. देवनागरी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत आला, त्याआधीची साधने वापरत असाल तर प्रत्येक शब्द हाताने तुकडे करून, मध्ये आडवी रेघ देऊन यादीत ठेवा: घ-ट-प्र-भा. वेळ जातो, पण मग शोध बिनचूक चालतो.

न दिसणारा दोष: "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो, ॲ सुद्धा. डोळ्याला एकच दिसतात, संगणक वेगळे धरतो आणि "जुळणारा शब्द नाही" म्हणतो. असा शब्द पुन्हा टंकून बघा.

छपाईत घर 8 मिलिमीटरचे केले तर शब्दाचा क्रमांक पहिल्या वेलांटीवर चढतो, कारण ती डावीकडूनच वर जाते. 10 मिलिमीटरचे घर आणि क्रमांक 6 पॉइंटचा. पूर्ण चौकट 110 मिलिमीटर.

अडलेली दोन

यल्लम्मा. काही जण येल्लम्मा लिहितात, घरे तीनच पण पहिले बदलते. पहिले घर "यमन"शी सामाईक केले आहे. यमनचे सूत्र "कल्याण थाटातला, तीव्र मध्यमाचा राग (3)" असे आहे, पण तेवढ्याने तो एकटा ठरत नाही. "रात्रीच्या पहिल्या प्रहरी, शिकवणीत बहुधा लवकर येणारा" एवढे जोडून बघायचे आहे.

रट्ट. "1204 मध्ये बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बांधली गेली तेव्हाचे राजघराणे (2)". चौघांपैकी एकालाच आले. ट्ट घट्टमधून मिळतो, र मात्र "रवा"तून, आणि रवाचे आताचे सूत्र "धान्याचे जाडसर पीठ" असल्यामुळे तिघांनी भरडा, कणी काय काय बसवून पाहिले. "उपिटाचा मुख्य जिन्नस (2)" असे करून पुढच्या चाचणीला पाठवतोय.