पिच काउंट: वहीत न येणारे बॉल

क्रिकेटवर वाढलेल्या आई-बाबांना अमेरिकेत हायस्कूल बेसबॉल बघताना पहिला धक्का बसतो तो हा: मुलगा झकास पिचिंग करतोय, म्हणजे बॅटरकडे बॉल टाकतोय (बेसबॉलमध्ये असा टाकलेला एकेक बॉल म्हणजे 'पिच'), समोरच्यांना बॉल धड दिसतही नाहीये, आणि कोच येऊन त्याला काढून घेतो. ना दुखापत, ना मार पडतोय. पिचचा ठरलेला आकडा भरला म्हणून काढला.

पूर्वी बऱ्याच राज्यांत मर्यादा इनिंगवर (समोरच्या टीमचे तीन बाद होईपर्यंतचा डाव) असायची. ती मोजणी फसवी. नऊ पिचमध्ये गुंडाळलेली इनिंगही एक आणि पस्तीस पिच खाऊन गेलेलीही एकच. हायस्कूल खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनएफएचएस या राष्ट्रीय संघटनेने २०१६मध्ये नियम बदलला आणि २०१७च्या हंगामापासून प्रत्येक राज्याला पिचच्या संख्येवर आधारलेली मर्यादा बंधनकारक झाली. मात्र आकडा किती, हे राज्यांवर सोडलं. म्हणून टेक्सस आणि न्यू जर्सीत एका दिवसाची मर्यादा ११०, तर ओहायोत १२५. मेजर लीग बेसबॉल ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बेसबॉल ही राष्ट्रीय संघटना यांची 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती याहून कडक: १५-१६ वयाला ९५, १७-१८ला १०५. आपल्या राज्याचा मर्यादेचा तक्ता हंगामाआधी राज्य संघटनेच्या साइटवर स्वतः बघावा. दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा तक्ता कामाचा नाही.

सगळ्यांचं लक्ष त्या कमाल आकड्यावर असतं. पण खरा खेळ आहे विश्रांतीच्या पायऱ्यांचा. न्यू जर्सीत ३० पिचपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही, ३१ ते ५०ला एक दिवस, ५१ ते ७०ला दोन, ७१ ते ९०ला तीन, त्यापुढे चार. हे पूर्ण कॅलेंडर दिवस, आणि ज्या दिवशी पिचिंग केलं तो दिवस धरायचा नाही. सोमवारी ५० पिच टाकल्या तर मंगळवार विश्रांतीचा, बुधवारी परत उभा राहता येतं. ५१वी टाकली की थेट गुरुवार. त्यामुळे ४७-४८ला कोच उठून उभा राहिला, तर तो मुलावर चिडलेला नसतो, आठवड्याचं गणित करत असतो. डबलहेडर (एकाच दिवशी दोन मॅच) असेल तर दोन्ही मॅचच्या पिच एकत्र धरतात.

आता समजा ४८वर नवा बॅटर आला आणि चिवटपणे फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारत बसला. आठ पिच गेल्या, आकडा ५६. दिवसाची कमाल मर्यादा मधेच भरली तर चालू बॅटर पूर्ण करू देण्याची सवलत बहुतेक ठिकाणी असते. पण विश्रांतीची पायरी मधेच ओलांडली तर काय? लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये त्या बॅटरनंतर लगेच काढलं तर जुनीच पायरी धरतात. शाळेच्या नियमांत हे राज्यागणिक वेगळं आहे आणि वादावादी होते ती बहुधा इथेच. तुमच्या राज्याच्या नियमातलं हे एक वाक्य शोधून वाचाच.

मोजताना काय धरायचं? बॅटरला टाकलेली प्रत्येक पिच: बॉल (ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेलेली), स्ट्राइक (पट्ट्यातून गेलेली किंवा बॅटरने हुकवलेली), फाउल, फटका बसलेली, बॅटरच्या अंगावर गेलेली. बेसवरच्या रनरला बाद करायला केलेली फेक धरत नाहीत. इनिंगच्या सुरुवातीचे वॉर्म-अपही नाहीत. पिच न टाकता नुसत्या इशाऱ्यावर बॅटरला पहिल्या बेसवर सोडलं, तर मोजणीत शून्य.

स्कोअरबुक लिहायचं काम आई-बाबांपैकी कोणाच्या तरी गळ्यात पडतंच, म्हणून हे नीट सांगतो. छापील वहीत प्रत्येक बॅटरच्या चौकटीत साधारणपणे तीन बॉल आणि दोन स्ट्राइक यांचीच घरं असतात. आकडे चुकतात ते दोन जागी. दोन स्ट्राइकनंतरच्या फाउलना घरच नसतं, आणि ज्या पिचवर बॅटरचा निकाल लागला ती शेवटची पिच कुठेच खुणावलेली नसते. उपाय सोपा: जादा फाउलला घरांशेजारी एक ठिपका द्यायचा आणि प्रत्येक बॅटरमागे शेवटची एक मिळवायची. तीन बॉल, दोन स्ट्राइक, तीन ठिपके, मग ग्राउंडआउट (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर बाद): ३+२+३+१, म्हणजे ९. हातात क्लिकर (दाबून मोजायचं छोटं यंत्र) असेल तर उत्तम, पण तो वहीला पर्याय नाही. इनिंग संपली की समोरच्या टीमच्या स्कोअररशी आकडा जुळवून घ्यायचा, तिथल्या तिथे. सातव्या इनिंगनंतर ८८ की ९१ हे ठरवायला बसलात तर कोणाचंच समाधान होणार नाही, आणि त्या तीन पिचमध्ये विश्रांतीचा एक अख्खा दिवस अडकलेला असतो. अपात्र पिचर खेळवला तर काही राज्यांत जिंकलेली मॅच जाते.

पण वही कितीही चोख ठेवली तरी ती हाताचा हिशेब सांगत नाही. हायस्कूलच्या नियमांत पहिल्या इनिंगआधी माउंडवरून (पिचर उभा राहतो तो उंचवटा) आठ आणि पुढच्या प्रत्येक इनिंगआधी पाच वॉर्म-अप टाकता येतात. सातही इनिंग टाकणाऱ्याचे हे झाले ३८. मॅचआधी बुलपेनमध्ये (वॉर्म-अपची बाजूची जागा) तीस-चाळीस होतात ते वेगळे. म्हणजे वहीत ९० असताना हात दीडशेच्या पुढे गेलेला असतो. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचर्सच्या एका अभ्यासात मॅचच्या दिवशी माउंडवरून टाकलेल्या सुमारे ४२ टक्के पिच अधिकृत मोजणीत येतच नव्हत्या. पहिली आणि सगळ्यात वाईट पळवाट म्हणजे रिलीव्हरला (बदली पिचर) तीनदा वॉर्म-अप करायला लावून मॅचमध्ये न आणणं. वहीत शून्य, विश्रांती शून्य, दुसऱ्या दिवशी मुलगा 'ताजा'.

दुसरी पळवाट कॅचरची, म्हणजे विकेटकीपरसारखा बॅटरमागे बसून पिच झेलणाऱ्याची. चार इनिंग पिचिंग करून उरलेल्या तीन इनिंग कॅचर म्हणून बसवलं, तर प्रत्येक पिचला बॉल परत फेकायचा असतो, शिवाय मधूनच दुसऱ्या बेसवर जीव काढून फेक. लिटल लीगमध्ये ४१ किंवा जास्त पिच टाकलेल्याला त्या दिवशी कॅचिंग बंद. पिच स्मार्टचंही सांगणं आहे की एकाच मॅचमध्ये दोन्ही कामं नकोत. ज्या राज्याचा नियम यावर गप्प आहे तिथे आई-बाबांनी गप्प बसू नये.

तिसरी पळवाट शनिवार-रविवारची. शाळेचा तक्ता फक्त शाळेच्या मॅच मोजतो. जिथे हंगामात क्लबकडून खेळायला परवानगी आहे तिथे गुरुवारी शाळेसाठी ७५ आणि शनिवारी क्लबसाठी ६० टाकली, तर दोन्ही कोच आपापल्या जागी नियमात असतात! एका मुलाची एकच वही हवी, ती घरात हवी, आणि तिच्यात तारीख, मॅचच्या पिच, अंदाजे बुलपेन आणि दुसऱ्या दिवशी कोपर-खांदा कसा होता एवढं तरी असावं. फोनमधली नोटही चालेल.

अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६मध्ये ऑपरेशन करावं लागलेले आणि धडधाकट असे तरुण पिचर्स ताडून पाहिले. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांना ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता पाचपट, मॅचमागे सरासरी ८०च्या वर पिच टाकणाऱ्यांना जवळपास चौपट. आणि दमलेल्या हाताने नेहमी टाकणाऱ्यांना छत्तीसपट. म्हणजे थकवा हा आकड्याहून मोठा निकष आहे, आणि तो स्टँडमधूनही दिसतो: कोपर खाली यायला लागतं, पिच वर-वर जायला लागतात, दोन पिचमधला वेळ वाढतो, मुलगा खांदा हलवून बघतो. हे ६० पिचला दिसलं तर तक्त्यातले उरलेले पन्नास विसरायचे. मॅचआधी वेदनाशामक गोळी तर मुळीच नको, कारण थांब म्हणून सांगणारी खूण तीच दाबते. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर पिचिंग बंद आणि डॉक्टर. तिथला लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) गेला तर तो नव्याने बसवायचं टॉमी जॉन ऑपरेशन, म्हणजे पुन्हा माउंडवर यायला वर्षभर किंवा त्याहून जास्त.

हंगाम संपला की शाळेचा तक्ताही संपतो आणि उन्हाळी स्पर्धा सुरू होतात. पिच स्मार्ट या वयाला वर्षात १०० इनिंगची मर्यादा आणि किमान चार महिने पिचिंगला सुट्टी सांगतं, त्यातले दोन-तीन महिने सलग, खांद्यावरून कुठलीही फेक न करता. टेक्सस-कॅलिफोर्नियात जवळपास बारा महिने खेळता येतं, त्यामुळे ही सुट्टी आपोआप मिळत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर हे महिने आधीच बांधून ठेवा आणि फॉल लीगचा (शरद ऋतूतली स्पर्धा) फॉर्म आला की मुलाला फक्त बॅटर म्हणून घालता येईल का ते विचारा. तेव्हाही मैदानात उभं राहायचं तर पहिल्या बेसवर, कारण तिथे फेकायचं काम सगळ्यात कमी.