मशीन काढली म्हणजे साखर गेली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, गेली नाही. दर मे महिन्यात माझ्या कमरेचा इन्सुलिन पंप दिसेनासा होतो आणि लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारतंच, "काहून वं बाई, ते मोबाइलवानी मशीन काढलं? बरी झाली का साखर?" आमच्या मोठ्या आईने तर एकदा आनंदाने दोन जिलब्या जास्तीच्या वाढल्या होत्या. टाइप १ मधुमेह आहे माझा. चौदाव्या वर्षापासून शरीर इन्सुलिन बनवत नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं. पंपाने घ्या नाहीतर सुईने, घेणं सुटत नाही.

मग काढते कशाला? आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या बाजूला. शाळेला सुट्या लागल्या की मी वावरात असते, पऱ्हाट्या उपटण्यापासून धुरे साफ करण्यापर्यंत सगळ्यात. पारा ४४-४५ वर. पंपाची नळी पोटाला धरून ठेवणारी चिकटपट्टी घामामुळे सकाळी लावली की दुपारी सुटते. आणि पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापलं तर ते टाकून द्यायचं असतं. मेअखेरच्या नवतप्यात तर दुपारी सावलीतली हवासुद्धा ३७च्या खाली नसते. म्हणून चार-पाच आठवडे इन्सुलिनचा पेन, म्हणजे सुईने टोचून घेणं. पेन घरी फ्रिजमध्ये, वीज गेली की ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात.

पण तुमच्यापैकी ज्यांच्या पोरांना टाइप १ आहे, त्या आयांचा प्रश्न वेगळा असतो: "एकदम पंप काढून इंजेक्शनवर आलं तर चालते का?" चालते. पण 'एकदम' नाही. माझ्याकडून एकदम झालं होतं, म्हणून सांगते.

पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. ते थेंबाथेंबाने दिवसभर जात राहतं, म्हणून वेगळं लांब पल्ल्याचं इंजेक्शन लागत नाही. याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नव्हता: पंप काढला की अंगात शिल्लक काहीच नाही. शेवटचा थेंब चार तासांत संपतो. पहिल्या वर्षी मी सकाळी सातला पंप काढला, न्याहारीपुरतं पेनने घेतलं आणि वावरात गेले. लांब पल्ल्याचं रात्री आठला घेऊ, पूर्वी तसंच घ्यायचे ना! दुपारी दोनला मळमळ, तोंडाला कोरड, मग उलटी. जाऊबाई म्हणाल्या, "ऊन लागलं तुले." कपाळावर ओला दुपट्टा टाकला आणि गुळाचं कैरीचं पन्हं पाजलं. दोन पेले. इतकं थंडगार होतं की मीही नको म्हटलं नाही. तपासलं तेव्हा साखर ३८०च्या वर आणि कीटोनची पट्टी गडद जांभळी (इन्सुलिन संपलं की अंगात साचणारं विषारी आम्ल म्हणजे कीटोन). ती रात्र जिल्ह्याच्या गावी सलाइनवर गेली. ऊन लागणं आणि कीटोन वाढणं, दोन्ही वरून अगदी सारखं दिसतं. आमच्याकडे मे महिन्यात उलटी झाली की उन्हाशिवाय दुसरं कोणाला सुचतच नाही. टाइप १च्या माणसाला उलटी झाली की पहिले साखर आणि कीटोन बघा, पन्हं नंतर.

आता मी असं करते. संध्याकाळी सहाला लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेते आणि पंप आठपर्यंत चालूच ठेवते, कारण त्या इन्सुलिनला अंगात सुरू व्हायला दोनेक तास लागतात. पंपावर माझा बेसल, म्हणजे जेवणाव्यतिरिक्त थेंबाथेंबाने जाणारं इन्सुलिन, दिवसाला १८ युनिट, इंजेक्शनवर डॉक्टरांनी २० सांगितलं. हा आकडा माझा आहे, तुमच्या पोराचा त्याच्या डॉक्टरांना विचारा. पंप काढण्याआधी त्यातला सगळा हिशेब वहीत उतरवते: कोणत्या वेळी किती बेसल, किती भाकरीला किती युनिट. पंपाला आधी घेतलेल्या डोसातलं अंगात किती उरलंय ते माहीत असतं, पेनला नसतं. तिथे वहीच कामी येते.

अजून एक, आणि यात मी चांगलीच फसले होते. पंपाचं इन्सुलिन १०० युनिटवालं असतं, म्हणजे एका मिलीत १००. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या ४०च्या, आणि त्यांची सिरिंजही ४०ची, लाल टोपीची. १००ची सिरिंज केशरी टोपीची. एकदा पेन बिघडला म्हणून मी पंपाच्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने सहाच्या रेघेपर्यंत भरलं. सहा नाही, पंधरा युनिट गेले. अडीच पट. जेवण ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, एवढंच. तासाभरात साखर घसरून ४८, हात थरथर, आणि मी डब्यातली साखर मुठीने खातेय. दुकानदाराने चूक केली असं म्हणवत नाही, मीच 'सिरिंज द्या' एवढंच म्हटलं होतं. केशरी टोपी मागून घ्या.

इंजेक्शनचे दिवस वाईट असतात असं नाही. नळी नाही, अंगावर काही नाही, विहिरीवर आंघोळ करताना काढ-घाल नाही. फक्त पहाटे चढणारी साखर हटत नाही. पंपावर मी चार ते सात बेसल वाढवून ठेवते, तसं इंजेक्शनमध्ये करता येत नाही. आणि वावरात कामाला लागल्यावर पंपाचा बेसल कमी करता येतो, पण आदल्या संध्याकाळी टोचलेलं परत काढता येत नाही. म्हणून साखर उतरलीच तर ओच्यात गुळाचा खडा.

मृग लागला, पहिला पाऊस पडून हवा निवली की पंप परत. तिथेही घाई नाही: शेवटच्या इंजेक्शनला चोवीस तास होऊ द्यायचे, नाहीतर जुनं आणि नवं एकावर एक चढतं. काही लांब पल्ल्याची इन्सुलिनं चोवीस तासांपेक्षाही जास्त टिकतात, तेव्हा आपलं कोणतं ते विचारून ठेवा. गेल्या वर्षी मी संध्याकाळी सहाला पंप लावला आणि रात्री दोनला उठून साखर बघितली, ११८. सकाळी मोठी आई दारात आली, कमरेकडे बघून म्हणाली, "आली का वं माय वापस?"